‘आत किती, बाहेर किती?’ : केमिकलच्या नव्या प्राध्यापकांसाठी

केमिकल इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांना पहिल्या दोन-तीन सत्रांत एकच कोडे वेगवेगळ्या रूपांत पडते. मेंटॉर म्हणून नेमणूक होते, वीसेक विद्यार्थ्यांची यादी आणि एक फाइल हाती येते. फाइलमध्ये हजेरी, केटी, पालकांचा मोबाइल क्रमांक आणि ‘समुपदेशनाचा तपशील’ असे रकाने असतात. ते भरले जातात, नॅकच्या भेटीत दाखवलेही जातात. पण समोर बसलेल्या मुलाशी किंवा मुलीशी नेमके काय बोलायचे? गेटची तयारी करायला सांगायचे की कोडिंग शिकायला? वर्गात शिकवणे आणि मेंटॉर म्हणून भेटणे ही दोन कामे आहेत की एकच?

ती एकच आहेत, आणि तुमच्या मोजक्या वेळातला मोठा वाटा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर नव्हे, तर दुसऱ्या वर्षाच्या मास आणि एनर्जी बॅलन्सवर गेला पाहिजे, हा या लेखाचा मुद्दा आहे. बहुतेक विभागांत नेमके उलटे घडते. पाहुण्यांची व्याख्याने, मॉक इंटरव्ह्यू, रेझ्युमेची कार्यशाळा असा सगळा उत्साह शेवटच्या वर्षासाठी राखलेला असतो. तोवर मुलांच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात.

दुसरे वर्षच का?

पहिले वर्ष सगळ्या शाखांना सारखेच असते, त्यामुळे मुलांची केमिकलशी खरी गाठ पडते ती दुसऱ्या वर्षी. तिथे जो विषय कधी ‘स्टॉइकिओमेट्री’ तर कधी ‘प्रोसेस कॅल्क्युलेशन्स’ या नावाने येतो, तो पुढच्या सगळ्या अभ्यासक्रमाचा पाया असतो. हीट ट्रान्सफर म्हणजे ऊर्जेचा हिशेब आणि उष्णता किती वेगाने जाते याचे समीकरण. मास ट्रान्सफर, रिअॅक्शन इंजिनिअरिंग यांचीही मांडणी तीच. हिशेब कच्चा राहिलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक नवा विषय सुट्या सूत्रांचा ढीग वाटतो आणि तो पाठांतराकडे वळतो. पाठांतराने काम भागतेही, कारण विद्यापीठाच्या पेपरात ठरावीक वळणाची गणिते फिरून येतात. मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवले की विषय सुटतो, पण एखादा आकडा बदलला, ‘बेसिस’ दिला नाही किंवा रीसायकलच्या जोडीला पर्ज आला की तोच विद्यार्थी अडतो.

महाराष्ट्रात याच सत्रात आणखी एक गट वर्गात येतो, तो डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात दाखल झालेल्यांचा. त्यांच्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष पंप, व्हॉल्व्ह, बॉयलर पाहिलेला असतो, मात्र बारावीचे आणि पहिल्या वर्षाचे गणित त्यांच्या हाताखालून गेलेले नसते. बारावीकडून आलेल्यांचे नेमके उलटे. या दोन गटांना ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ अशी लेबले पहिल्या महिन्यातच चिकटतात आणि ती चुकीची असतात. ट्युटोरियलला एक इकडचा, एक तिकडचा अशी जोडी लावा. ज्याला समीकरण येते त्याला स्टीम ट्रॅप म्हणजे काय ते दुसरा सांगेल आणि उलटही होईल. विभागप्रमुखांची परवानगी किंवा निधी यासाठी लागत नाही.

आधी अंदाज, मग गणित

जवळपास साखर कारखाना असेल तर त्याचा उपयोग करा. समजा, १५ ब्रिक्सचा १०० टन रस इव्हॅपोरेटरमध्ये ६० ब्रिक्सपर्यंत घट्ट करायचा आहे, तर किती पाणी उडवावे लागेल? फळ्यावर काही लिहिण्याआधी प्रत्येकाकडून वहीत अंदाज लिहून घ्या. बरेच जण ४५ म्हणतील, कारण साठातून पंधरा गेले की पंचेचाळीस उरतात. मग विचारा, विरघळलेले घन पदार्थ आत किती गेले? पंधरा टन. बाहेर किती आले? तेवढेच. ते साठ टक्के असतील तर पाक २५ टन, म्हणजे उडालेले पाणी ७५ टन. ज्याने ४५ लिहिले होते, त्याला आपण ब्रिक्सची वजाबाकी केली, पदार्थाचा हिशेब केला नाही, हे कोणी न सांगता कळते. चुकीचा अंदाज वहीत स्वतःच्या अक्षरात असल्यामुळे ‘मलाही तेच म्हणायचे होते’ अशी पळवाट उरत नाही.

तिथेच थांबू नका. पाच इफेक्टच्या संचात एवढे पाणी उडवायला वाफ किती लागेल? ढोबळ उत्तर पंधरा टनांच्या आसपास. प्रत्यक्षात रस तापवायला आणि पॅनसाठी मधल्या इफेक्टमधून वाफ काढून घेतात, म्हणून आकडा बदलतो. का आणि कोणत्या दिशेने, हा पुढच्या तासाचा प्रश्न. एकाच उदाहरणातून मास बॅलन्स, एनर्जी बॅलन्स आणि कारखान्याचे वास्तव असे तिन्ही हाती लागते. पाठ्यपुस्तकातली परदेशी कारखान्यांची उदाहरणे वाईट नसतात, पण गळीत हंगामात ज्या मुलाच्या गावावरून उसाच्या ट्रॉल्या जातात त्याला हा आकडा परका वाटत नाही.

एका तासाची मांडणी साधारण अशी ठेवता येईल :

- प्रश्न तोंडी मांडा आणि दोन मिनिटांत प्रत्येकाकडून अंदाज व त्याचे एका ओळीचे कारण लिहून घ्या.
- शेजाऱ्याशी चर्चा करू द्या. मराठीत बोलले तर बोलू द्या, उत्तर मात्र इंग्रजीत लिहायला सांगा.
- आकृती, बेसिस आणि सीमारेषा विद्यार्थ्यालाच फळ्यावर काढू द्या. सीमारेषा कुठे आखली यावर वाद झाला तर तो होऊ द्या, तास वाया गेला असे समजू नका.
- उत्तर आल्यावर ‘हे शक्य आहे का?’ असे विचारा. उणे प्रवाह, शंभराच्या वरचे टक्के, कारखान्याच्या बॉयलरपेक्षा जास्त वाफ यांतले काही सापडले का?

भाषेबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या अनेक मुलांना संकल्पना समजलेली असते, पण व्हायवाला इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता ती हरवते आणि परीक्षक ‘कन्सेप्ट क्लिअर नाही’ असा शेरा मारतात. प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला एआयसीटीईने २०२१-२२पासून परवानगी दिली आणि त्या भाषांत मराठीही आहे. तुमचे महाविद्यालय त्या योजनेत नसले तरी मेंटॉरच्या भेटीत विद्यार्थ्याने मराठीत विचार मांडायला कोणाचीच आडकाठी नाही. कंपनीत अहवाल इंग्रजीतच लागतो हे खरे आहे, म्हणून लेखन इंग्रजीत आणि विचार जमेल त्या भाषेत अशी वाटणी करा.

‘मग सिलॅबस कधी संपवायचा?’

हा आक्षेप रास्त आहे आणि तो उडवून लावू नये. अशा पद्धतीने तासाला चारऐवजी दोनच गणिते होतात. पण खरा प्रश्न मुलांना किती येते हा आहे, फळ्यावर किती झाले हा नव्हे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना वर्गातच काम करायला लावणाऱ्या पद्धतींत २१.८ टक्के. वर्ग मोठा असो की लहान, फायदा दिसला, फक्त लहान वर्गांत तो जास्त होता. हे अभ्यास आपल्या विद्यापीठांतले नाहीत, त्यामुळे तेच आकडे इथे जसेच्या तसे मिळतील असे कोणी म्हणू नये. पण साठ जणांच्या वर्गात हे जमणारच नाही, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडून येतो : ‘सर शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात.’ सत्राअखेरच्या फीडबॅक फॉर्मवर हे वाक्य आले की नवे प्राध्यापक घाबरतात आणि पुन्हा नोट्स सांगायला लागतात. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या पदवीच्या सुरुवातीच्या वर्गांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. स्वतः काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो अशी त्यांची भावना होती. सराईत व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाका, आणि पहिल्या चाचणीनंतर त्यांचेच सुरुवातीचे अंदाज आणि आताचे अंदाज शेजारी ठेवून दाखवा. विभागप्रमुखांशीही आधीच बोलून ठेवा, म्हणजे फीडबॅकचा आकडा खाली आला तर तो अनपेक्षित ठरणार नाही.

प्रॅक्टिकल : न जुळणाऱ्या आकड्याला गुण द्या

प्रयोगशाळेत केमिकलच्या विद्यार्थ्याला अप्रामाणिकपणाचा पहिला धडा मिळतो आणि तो आपणच देतो. हीट एक्स्चेंजरचे प्रॅक्टिकल घ्या. गरम पाणी सेकंदाला ०.१ किलो, ७० अंशांवरून ५५ अंशांवर आले, म्हणजे त्याने सुमारे ६.३ किलोवॉट उष्णता दिली. थंड पाणी सेकंदाला ०.१५ किलो, ३० वरून ३८ अंशांवर गेले, म्हणजे त्याने घेतली सुमारे ५ किलोवॉट. सव्वा किलोवॉट गेले कुठे? जर्नल तपासताना फरक दिसला की आपण लाल शाई वापरतो, म्हणून पुढची बॅच मागच्या वर्षीच्या जर्नलमधून जुळलेले आकडे उतरवते.

नेहमीचे उत्तर असते, ‘हीट लॉस टू सराउंडिंग्ज’. ते तिथेच तपासायला लावा. एक्स्चेंजरचा बाहेरचा पृष्ठभाग अर्धा चौरस मीटर, हवेशी तापमानाचा फरक ३० अंश आणि स्थिर हवेसाठी गुणांक दर चौरस मीटरला दर अंशाला साधारण १० वॉट धरला, तर हवेत जाते जेमतेम दीडशे वॉट. सव्वा किलोवॉटची चोरी हवेच्या माथी मारता येत नाही. मग रोटामीटर कॅलिब्रेट केलेला आहे का, स्थिर अवस्था येण्याआधीच वाचन घेतले का, थर्मामीटर खोल बुडला होता का, हे प्रश्न उभे राहतात. बादली आणि स्टॉपवॉच घेऊन रोटामीटर तपासणारा विद्यार्थी कोणत्याही छापील निष्कर्षापेक्षा जास्त शिकतो. टर्मवर्कचे गुण देणे तुमच्याच हातात आहे. दहापैकी चार गुण फरक किती आणि तो का, याला ठेवा आणि ते पहिल्याच दिवशी जाहीर करा.

सुरक्षितता हा वेगळा विषय नव्हे

१९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीज या छोट्या कारखान्यात रिअॅक्टरचा स्फोट होऊन चार जण ठार झाले. थंड करण्याची व्यवस्था निकामी झाली, तिला पर्यायी व्यवस्था नव्हती आणि तापमान हाताबाहेर गेले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशीनंतर केलेल्या शिफारशींपैकी एक थेट शिक्षणाशी संबंधित होती : अभिक्रियांतील धोक्यांचे भान केमिकल इंजिनिअरिंगच्या पदवी अभ्यासक्रमातच दिले पाहिजे. आपल्याकडे भोपाळची वायुगळती आहे. १९८४ च्या डिसेंबरमधील त्या रात्री एमआयसीची साठवण थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि फ्लेअर जोडलेला नव्हता. तरी अनेक वर्गांत भोपाळ ‘पर्यावरण’ या विषयातल्या टिपेपुरते उरते.

हा विषय वेगळ्या पेपरची वाट पाहत ठेवू नका, कारण मुळात तोही हिशेबच आहे : उष्णता किती वेगाने तयार होते आणि किती वेगाने बाहेर जाते. एक लिटरच्या फ्लास्कवरून त्याच आकाराच्या हजार लिटरच्या रिअॅक्टरवर गेलात तर आकारमान हजारपट होते, पृष्ठभाग मात्र शंभरपट. दर लिटरमागे थंड करायला मिळणारी जागा एक दशांशावर येते. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे गणित पाच मिनिटांत करता येते. प्रयोगशाळेत शांतपणे चालतो तो प्रयोग प्लँटवर का उसळतो हे त्याला तिथे कळले, तर पुढे इंटर्नशिपमध्ये तो योग्य प्रश्न विचारेल. प्रत्येक प्रॅक्टिकलआधी ‘यात काय बिघडू शकते आणि बिघडले तर आधी काय बंद कराल?’ याचे दोन ओळींचे उत्तर मागा, आणि त्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू देऊ नका.

‘आता हे सगळे सॉफ्टवेअर करते’

करते, आणि शिकवलेही पाहिजे. महागडा परवाना परवडत नसेल तर डीडब्ल्यूसिम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्यासाठी शिकवण्या तयार केल्या आहेत आणि विद्यार्थ्यांनी बनवलेल्या फ्लोशीटही तो स्वीकारतो. पण सिम्युलेटर आल्यामुळे अंदाजाची गरज वाढली आहे. इथेनॉल आणि पाण्याच्या ऊर्ध्वपातनासाठी विद्यार्थ्याने आदर्श मिश्रणाचे मॉडेल निवडले, तर सॉफ्टवेअर एका साध्या कॉलममधून ९९ टक्क्यांचे इथेनॉल बिनदिक्कत काढून देते. स्क्रीनवर सगळे हिरवे दिसते. प्रत्यक्षात मात्र वातावरणीय दाबाला हे मिश्रण वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर अडते. इंधनाचे इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलऱ्यांना पुढे मॉलिक्युलर सीव्ह लावावी लागते ती यासाठीच. हेच मॉडेल मुद्दाम वर्गात चालवून दाखवा आणि चूक शोधायला सांगा. एआय चॅटबॉटने सोडवलेल्या गणितालाही हीच कसोटी लावता येते. बंदी घालण्यापेक्षा त्याच्या उत्तराचा हिशेब बंद होतो का ते तपासून आणायला सांगणे जास्त कामाचे.

प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप

दुसऱ्या वर्षी सवय लागली असेल तर इथे फार सांगावे लागत नाही. बायोडिझेल, साबण, सांडपाणी हे विषय वाईट नाहीत, त्यांचे बाजारात मिळणारे तयार अहवाल वाईट आहेत. मौखिक परीक्षेत अहवालातला एकच प्रवाह निवडा आणि तो कुठून आला ते फळ्यावर मांडायला सांगा, खरे-खोटे लगेच कळते. इंटर्नशिपसाठी तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ, पाताळगंगा अशा वसाहतींतल्या लहान कंपन्यांकडेही बघा. मोठ्या कंपनीत विद्यार्थी अनेकदा कंट्रोल रूमच्या काचेबाहेर उभा राहतो, लहान कंपनीत बॅचशीट हातात पडते. धोकाही तिथेच जास्त असतो, म्हणून पाठवण्याआधी विमा, सुरक्षेचे प्रशिक्षण आणि पर्यवेक्षकाचे नाव लेखी घ्या. बंदिस्त टाकीत उतरणे किंवा एकट्याने शिफ्ट चालवणे हे विद्यार्थ्याचे काम नाही, हेही त्या पत्रात लिहा.

‘कोअर’मध्ये जावे की आयटीत, याचे उत्तर मेंटॉरने देऊ नये. सुरुवातीचा पगार, शिफ्टची ड्यूटी, घरचे शैक्षणिक कर्ज हे विद्यार्थ्याच्या घरचे हिशेब आहेत. माहिती मात्र पुरी द्या : गेटचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य असतो आणि पदवीनंतर शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनासह अनुभव घेता येतो. आयटीत गेलेल्याला ‘शाखा वाया घालवली’ असे ऐकवू नका.

हक्क आणि तुमच्या मर्यादा

मेंटॉरकडे विद्यार्थी कधी कधी अशा गोष्टी घेऊन येतो, ज्या सोडवणे तुमच्या अधिकारात नसते. त्या वेळी योग्य दार दाखवणे हेच काम :

- गुणांबद्दल शंका : सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानुसार परीक्षार्थीला माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. विद्यापीठाची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत मात्र छोटी असते, ती आधी सांगा.
- संस्थेविरुद्ध तक्रार : यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल असतो. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही.
- लैंगिक छळ : स्वतः चौकशी करू नका, दोघांना समोरासमोर बसवू नका. अंतर्गत तक्रार समितीकडे साधारणपणे तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते, हे सांगा आणि लिहायला मदत करा.
- दिव्यांग विद्यार्थी : पात्र विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच करून घ्या.
- मानसिक ताण : आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर ‘असे काही मनात आणू नकोस’ म्हणून विषय बंद करू नका. त्याला एकटे सोडू नका, समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. एरवी गोपनीयता पाळा, पण जिवाला धोका असेल तेव्हा घरच्यांना कळवावेच लागते, आणि आपण कळवणार आहोत हे विद्यार्थ्यालाही सांगा.

तुमच्या वेळेबद्दलही एक मागणी करायला हरकत नाही. पदवी अभ्यासक्रमासाठी एआयसीटीईचे प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे आहे. त्या वीस जणांना भेटायचा तास वेळापत्रकात छापून घ्या. संध्याकाळी पाचनंतर एसटी गाठायच्या घाईत असलेल्या मुलांशी मेंटॉरिंग होत नाही. पहिल्या भेटीत फाइलचे रकाने बाजूला ठेवून रसाचे गणित द्या. कोण कुठे अडतो, कोण विचारायला लाजतो आणि कोणाला रात्री झोप नाही, हे त्या अर्ध्या तासात बऱ्यापैकी दिसते. रकाने नंतर भरता येतील.